मानधन नको, मजुरी द्या



या अंकाला कविता भरपूर आल्या. त्यातल्या जमल्या तेवढ्या छापल्यात. पण कवितांच्या मागं जे निरोप लिहून आले ते मला कवितांपेक्षा जास्त टोचले. "कॉलेजातलं काम उरकून रात्री लिहिली, शुद्धलेखन बघून घ्या." "वर्गणी पुढच्या महिन्यात देतो, कमवा-शिकाचे पैसे अजून आले नाहीत." सोलापूरची पोरं, पंढरपूरची, बार्शीची. अक्षर वेगळं, रडगाणं एकच. म्हणून या वेळचं हे पान 'कमवा आणि शिका'साठी.

आधी शब्द बघू. आपण शब्दांवर जगणारी माणसं, आपल्याला शब्दाचा वास येतो. मी गोदीत बोट रिकामी करतो, मला मिळते ती मजुरी. गिरणीत मिळायचा तो पगार. सायबाचं ते वेतन. आणि आपलं पोरगं कॉलेजच्या लायब्ररीत तीन तास पुस्तकं लावतं, बागेला पाणी घालतं, ऑफिसातल्या फायली वाहतं, त्याला मिळतं ते काय? सहाय्य. अनुदान. विद्यावेतन. मानधन. पोरगं कामगार नाय, 'लाभार्थी' हाय! घाम गाळणारा लाभार्थी तुम्ही कुठं बघितलाय का?

हा नुसता शब्दाचा खेळ नाय. शब्द बदलला की कायदा बदलतो. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, आता तो वेतन संहितेत गेलाय. पण त्याचं दार कामगारासाठी उघडतं. लाभार्थ्यासाठी नाय. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा बघा. त्यात साफ लिहून ठेवलंय की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. एका ओळीत माणूस कामगारातून उडवला. कॉलेजातल्या पोराला तर तेवढी ओळसुद्धा मिळाली नाय. तो कुठंच नाय. हजेरीच्या वहीत त्याची सही आहे आणि कायद्याच्या वहीत तो गैरहजर.

सोलापुरात शिकत शिकत कमावणं ही काय नवी गोष्ट नाय. ती योजना म्हणून आली नाय, ती घरातच होती. पूर्व भागात संध्याकाळी फिरा. आई सुपात तंबाखू आणि पानं घेऊन विड्या वळतीय, शेजारी पोरगी वळलेल्या विडीची तोंडं बंद करतीय आणि तोंडानं पाढे म्हणतीय. हजार विड्यांचा हिशोब तिला शाळेच्या आधी कळलेला असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरत दहावी झालेली पोरं माझ्या वर्गात होती. टॉवेलच्या घड्या घालत इतिहासाची उत्तरं पाठ केलेली होती. जुनी मिल १८७७ ची. नंतर लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगे वाजले, भोंगे बंद झाले, चिमण्या थंड पडल्या. आज त्याच घरातलं पोरगं पाठीवर डबा बांधून मोटरसायकलवर दुसऱ्याचं जेवण पोचवतं आणि सिग्नलला थांबलं की मोबाईलवर नोट्स वाचतं. तेव्हा आम्हाला कुणी श्रमप्रतिष्ठा शिकवायला येऊ नये. आमच्या कैक पिढ्यांनी नुसते श्रमच केले. प्रतिष्ठा तेवढी यायची राहिली.

पण भाऊराव पाटलांबद्दल बोलताना जीभ आवरली पाहिजे. त्या माणसानं वेगळंच काम केलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्याला बोर्डिंग. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका छपराखाली आणि एका पंगतीत. पाणी पोरांनी भरायचं, भाकरी पोरांनी थापायची, शेत पोरांनी कसायचं. पैसा आटला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच पायावर, कमवा आणि शिका. हे सगळं जयंतीच्या भाषणात येतं. भाषणात जे येत नाय ते असं की तिथं काम सगळ्यांना होतं. पाटलाच्या पोराच्या डोक्यावर घमेलं गेलं तेव्हा घमेल्याची जात गेली. पैसे वाचले ती पुढची गोष्ट. गरिबाला काम लावायला भाऊराव कशाला पाहिजेत? ते तर गावातला कुठलाबी पाटील करत होता.

हीच रीत पुढं कोल्हापूरला गेली. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी विद्यार्थी भवन काढून काम करत शिकणाऱ्या पोरांची सोय केली. सोलापूरची कॉलेजं २००४ पर्यंत कोल्हापूरलाच जोडलेली होती. मग आपलं स्वतःचं विद्यापीठ आलं, एका जिल्ह्यापुरतं, पुणे रोडला केगावला. २०१९ पासून त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. नावं सगळी आपल्या माणसांची. भाऊरावांचं नाव योजनेला, अहिल्यादेवींचं विद्यापीठाला, बाबासाहेबांचं शिष्यवृत्तीला. नावाच्या खाली हात घालून बघितलं पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, जी सोलापूरच्या पोरांना कुणी सांगत नाय. बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेत कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढं लंडनला पोचले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून उसने घेतले, तेव्हा १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. म्हणजे त्या माणसानंसुद्धा कमवून शिकलं. पैसा थांबला की पुस्तक मिटतं, हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, सोसून माहीत होतं.

म्हणून बघा, परत आल्यावर २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि सभेनं वसतिगृह उघडलं ते कुठं? आपल्या सोलापुरात. ४ जानेवारी १९२५. जिवाप्पा ऐदाळे ते सांभाळायचे. पोरांचं जेवण, कपडे, वह्या-पेन्सिली, सगळा खर्च वसतिगृहाचा. सोलापूर नगरपालिका महिन्याला ४० रुपये द्यायची. शंभर वर्षं होऊन गेली, आणि या शहरात त्याची आठवण किती जणांना आहे ते तुम्हीच चौकात उभं राहून विचारा. त्या वसतिगृहाची मांडणी काय होती? पोराला आधी खायला घाला, छप्पर द्या, मग त्याला म्हणा शीक. भाकरीच्या बदल्यात झाडलोट कर, असं नाय.

तीच मांडणी पुढं मोठी झाली. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. सिद्धार्थमध्ये वर्ग सकाळचे ठेवले. का? नोकरी करणारं पोरगं तास संपवून कामावर जाऊ शकलं पाहिजे. हे नीट समजून घ्या दोस्तहो. बाबासाहेबांनी कामगाराला सांगितलं नाय की बाबा, कॉलेजच्या वेळेला तुझं पोट जुळवून घे. त्यांनी कॉलेजला सांगितलं, याच्या पोटाशी तुझी वेळ जुळव.

आता आजचं बघू. पुण्याला ही योजना आहे, कोल्हापूरला आहे, सोलापूरच्या पोरांनाही माहीत आहे. कागदावर चांगली आहे. पण आता काम सगळ्यांना नाय, फक्त गरिबाला आहे. फॉर्म भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, रांगेत उभं राहायचं. ज्याच्या बापाची गाडी आहे तो कँटीनमध्ये बसून बघतो, आणि त्याच्याच वर्गातलं पोरगं त्याच्यासमोर वाफ्यातलं गवत उपटतं. भाऊरावांनी जे मोडलं तेच यांनी त्यांच्याच नावाखाली उभं केलं. नाव घेऊन सांगत नाय, पण एका कॉलेजातल्या पोरांनी मला यादी दाखवली. कुणाला कंप्युटर लॅब, कुणाला लायब्ररी, कुणाला बाग आणि मैदान. मी आडनावं वाचत गेलो. आडनावं वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाय. खराटा कुणाच्या हातात गेला होता ते मी सांगायची गरज आहे का? विचारलं तर उत्तर काय, "ज्यांना जे जमतं ते दिलं." वा रे वा! बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला खराटाच जमतो हे ह्यांना कळलं कुठून?

एक पोरगी आमच्या पेठेतलीच. आई विड्या वळते, बाप नाय. ती केमिस्ट्री शिकते. तिला काम दिलं कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडायचं, पाहुण्यांना चहा द्यायचं. त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत हाताखाली माणूस नाय म्हणून प्रॅक्टिकल पुढं ढकलली जातात. तिला लॅबमध्ये ठेवलं असतं तर काम झालं असतं आणि ती शिकली असती. 'कमवा' आणि 'शिका' यांच्या मधला तो 'आणि' आहे ना, तोच गाळलाय. कमवा वेगळं, शिका वेगळं.

माझं म्हणाल तर मी मॅट्रिक. अकरावीला नाव घातलं होतं. रात्रपाळीला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचो, सकाळी वर्गात डोळे मिटायचे. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाय. सर म्हणाले, "काय करायलास बे रात्रभर?" सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी ठरव, काम करायचंय का शिकायचंय." माझ्यापुढं ठरवायला काय नव्हतंच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसलो आणि मुंबईला मामाकडं आलो, मामानं गोदीत घातलं. हे मी दुखणं म्हणून सांगत नाय. असं ठरवायला सांगणारा प्रश्नच लबाड आहे, एवढंच म्हणतो.

गोदीनं मला एक गोष्ट मात्र शिकवली, ती इथं उपयोगी आहे. जुनी माणसं सांगतात, पूर्वी गोदीत रोज सकाळी माणसांचा घोळका उभा राहायचा. मुकादम बोट दाखवायचा, तू ये, तू ये, तू जा. ज्याच्याकडं बोट गेलं त्याच्या घरी चूल. बाकीचे परत. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, मग बोर्ड आलं. माणसाचं नाव रजिस्टरात गेलं. पाळीनं काम मिळू लागलं. हजर राहिला आणि बोट लागली नाय तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. दया वाढली म्हणून नाय. नाव रजिस्टरात गेलं म्हणून, आणि मागं युनियन होती म्हणून. ते बोर्ड पुढं पोर्टातच विलीन झालं, आज माझ्यासारखी पोरं ठेकेदाराकडं आहेत आणि पुन्हा बोट दाखवायचे दिवस आलेत, ती कथा वेगळी, पुन्हा कधीतरी. पण कॉलेजात जेव्हा एखादे सर म्हणतात, "या महिन्यात तू नको, पुढच्या महिन्यात बघू," तेव्हा मला त्यांच्या हाताचं ते बोट ओळखीचं वाटतं.

कुणी म्हणेल, विद्यार्थी म्हणजे कामगार, हे कुठं असतं का? असतं. अमेरिकेत १९६४ ला गरिबीविरोधी कायदा केला, त्यात कॉलेजातल्या गरजू पोरांना काम देण्याची सोय केली, वर्क-स्टडी म्हणतात तिला. सरकार त्या मजुरीतला मोठा वाटा उचलतं. आणि तिथं अट आहे, देशाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाय. ती रक्कम २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलीय, तिथली पोरंही शिव्या घालतात. म्हणजे तिथं स्वर्ग आहे असं मी म्हणत नाय. पण जमिनीवर एक रेघ तरी ओढलीय, तिच्याखाली जायचं नाय. आणि कोलंबिया, बाबासाहेबांचं कोलंबिया! तिथं शिकत शिकत शिकवणाऱ्या, संशोधनाला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सांगितलं की आम्ही कामगार आहोत. विद्यापीठ म्हणालं, नाही, तुम्ही विद्यार्थी. २०१६ ला तिथल्या कामगार मंडळानं निकाल दिला की दोन्ही आहेत. तरी करार होईना. नोव्हेंबर २०२१ ला पोरांनी संप केला, जानेवारी २०२२ पर्यंत चालवला, आणि पगारवाढीचा करार घेऊनच उठले. आपल्यातली जी पोरं शिष्यवृत्तीवर परदेशात गेलीत त्यांना विचारा. व्हिसावर आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं. तिथं लायब्ररीत काम केलं तर तासाची मजुरी ठरलेली असते. इथं तेच पोरगं तेच काम करतं आणि मानधनाची वाट बघतं.

२० तासांचा आकडा आपल्याकडंही आलाय. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ ला वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी जो मसुदा काढला त्यात कमवत शिकण्याची कलमं आहेत, जास्तीत जास्त आठवड्याला २० तास, वर्गाच्या वेळेबाहेर, लायब्ररी, लॅब, कंप्युटर अशी कामं. चांगलं आहे. आता हिशोब करा. आठवड्याचे २०, महिन्याचे ८०. ताशी पन्नास रुपये धरले तर चार हजार. खानावळ आणि कॉट बेसिसवरची खोली यात ते संपतात, झेरॉक्सला उरत नाहीत. आणि हे पूर्ण २० तास काम मिळालं तर. आणि पैसे महिन्याला आले तर. 'तर' वर आपलं सगळं शिक्षण लटकलंय.

इथं आणखी एक डाव ओळखला पाहिजे. स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, बाबासाहेबांच्या नावानं. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाय त्यांना जेवण, खोली आणि निर्वाह यांचे पैसे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, बाकी ठिकाणी कमी. हक्काचे पैसे. पण ते कधी येतात? वर्ष संपता संपता, कधी वर्ष संपल्यावर. तोवर घरमालक थांबतो का? मग पोरगं ऑफिसात विचारायला गेलं की सांगतात, "तोवर कमवा-शिकाचा फॉर्म भर की." म्हणजे सरकारनं द्यायचे पैसे सरकारनं थकवायचे, आणि ती भोकं आपल्या पोरांनी खराटा मारून बुजवायची. असं चालणार नाय. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तिच्या जागी काम टेकवता येणार नाय. आणि काम हे काम आहे, त्याच्यावर दयेचा शिक्का मारता येणार नाय.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, ही योजनाच बंद पाडा, आपल्या पोरांनी कॉलेजात झाडू मारायचा म्हणजे पुन्हा तेच. त्यांचा राग मला कळतो, माझ्याच अंगातला आहे तो. पण योजना बंद पडली तर उद्या सकाळी ती केमिस्ट्रीवाली पोरगी कुठं जाईल? घरी, सुपाशी. म्हणून मी बंद पाडा म्हणत नाय. मी म्हणतो, पोराचं नाव कामगार म्हणून रजिस्टरात घाला. तासाचा दर सरकारनं ठरवलेल्या किमान मजुरीखाली नको. महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेत पैसे. जो जे शिकतो त्याला त्याच्या जवळचं काम. आणि झाडलोट, बाग, खुर्च्या ही कामं असतील तर ती आळीपाळीनं सगळ्यांना, प्राचार्यांच्या पोरालासुद्धा. तेवढं केलं की भाऊरावांच्या फोटोला हार घाला, आम्ही टाळ्या वाजवू.

हे मागायला मोर्चाच काढावा लागेल असं नाय, त्याची वेळ आली तर काढू. पहिलं काम कागदाचं आहे. कॉलेज अनुदानित असेल तर माहितीचा अधिकार लागू होतो. साध्या कागदावर अर्ज, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नको. अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवा, आपल्याकडं तसा नियम आहे. विचारा, गेल्या तीन वर्षांत कमवा आणि शिकावर किती विद्यार्थी होते, त्यात कुठल्या प्रवर्गाचे किती, कुणाला कुठलं काम दिलं, तासाचा दर काय, कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या तारखेला जमा झाले. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाय दिलं तर पहिलं अपील. अर्ज एकट्यानं टाकू नका, एकट्याला ऑफिसात बोलावून घेतात आणि पाठीवर हात ठेवतात. चार-पाच जणांनी वेगवेगळे टाका, आणि एक तरी पोरगी त्यात असू द्या.

तोवर एक वही करा. चाळीस पानी चालेल. तारीख, कामाचे तास, काम काय, सांगितलं कुणी, पैसे कधी. रोज लिहा, कविता लिहायच्या आधी लिहा. आलेली उत्तरं आणि वहीच्या पानांचे फोटो आमच्याकडं पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव छापणार नाय, आकडे जसेच्या तसे छापू. पुढच्या अंकाची आठ पानं त्यासाठी मोकळी ठेवलीत.